डोक्यावरचं ओझं

सायवन, १ डिसेंबर २०२३

प्रिय प्रगती,

दिवाळीची सुट्टी संपवून वेवजीहून परत आले, त्याला आठवडा होत आला. इथे आश्रमशाळेत मोबाइलचा उपयोग घड्याळ म्हणून. नेटवर्क फक्त मागच्या टेकडीवर, तेही वाऱ्याची मर्जी असेल तर. म्हणून हे पत्र. मिथुन शनिवारी जीप घेऊन तलासरीला जातो, तो पुढे अच्छाडला तुझ्या बाबाच्या पंक्चरच्या दुकानात पोचतं करेल. उत्तर त्याच्याचकडे दे. त्याला चहा पाज, म्हणजे विसरणार नाही.

समोर असताना बोलले नाही ते लिहिते. सुट्टीभर तू ओटीवर बसून त्या टॅबवर चित्रं काढत होतीस. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "ओळखीची आहे एक, नेटवरची. तिच्या मनातली बाई काढून देतेय." पैसे? "नाही गं आत्या, असंच." बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धवट सोडलेली मुलगी कधी न पाहिलेल्या माणसांची फुकट चित्रं काढते, हे माझ्या मास्तरणीच्या डोक्यात बसत नाही.

दुसरं. जानेवारीत डहाणूला महिलांच्या कलावस्तूंचं प्रदर्शन आहे. आयोजक बाईंनी मला गाठून विचारलं, "तुमच्या घरात वारली काढणारं कुणी असेलच." आई लग्नघरात भिंतीवर चौक काढते, तो सगळ्या गावाने पाहिलेला आहे. मी तुझं नाव सुचवणार होते आणि थांबले. तू कधीच वारली काढत नाहीस. आपल्या चित्रांची तुला लाज वाटते का? हा टोमणा नाही, खरंच विचारते आहे. खरं उत्तर दे.

तुझी सुषमा आत्या


वेवजी, १० डिसेंबर २०२३

आत्या,

मिथुनदादाने चहा दोनदा घेतला, वर खारी. तेव्हा उत्तर नक्की पोचेल.

आधी लाजेचं. लाज नाही. आजी चौक काढते तेव्हा तांदूळ वाटायला मीच असते. पण माझ्या हाताला सावली लागते गं. गालावर पडलेला उजेड, ओल्या कपड्याची घडी, हे काढताना मला भूक लागत नाही. वारली चांगलं, माझं नाही. दुकानावर गाड्या थांबतात, ड्रायव्हर मला चित्र काढताना बघतात आणि प्रत्येक जण म्हणतो, "वारली काढ ना!" मी इथे जन्मले म्हणून गोल आणि त्रिकोणच काढायचे, असं कुठे लिहिलंय?

आता फुकटचं. 'कंदीलवाले' नावाची एक कार्टून मालिका आहे, नेटवर येते. समुद्राच्या तळाशी एक गाव, तिथे उजेड विकणारी माणसं. जगभर तिचे फॅन आहेत, त्यांचे ग्रुप आहेत, तिथे सगळे त्या माणसांची चित्रं काढतात. सगळ्यांना तो देखणा नाविक हवा असतो. मालिकेत ओरा नावाची एक हमाल म्हातारी आहे, तेलाच्या बुधल्यांनी भरलेल्या पाट्या वाहते. तिला कुणी काढत नव्हतं. मी काढली. डोक्यावर कापडाची गोल चुंबळ ठेवली, त्यावर पाटी, मान किंचित दाबलेली, एक पाय बाहेर वळलेला. खाली लोकांनी लिहिलं, "हिचं ओझं खरं वाटतं." बाकीच्यांनी काढलेल्या पाट्या डोक्यावर तरंगत होत्या, आत्या! त्यांनी कधी पाटी उचललेलीच नाही, त्यांचा काय दोष.

तेव्हापासून माझी ओळख झाली. ग्रुपची रीत अशी, की मी तुझी कल्पनेतली बाई काढून देते, तू माझी काढून दे. त्यातून चित्रं पसरतात. मग ज्यांना काढता येत नाही ते विचारतात, पैसे देऊन काढशील का? आता महिन्याला अशी तीन-चार कामं येतात. टॅब त्यातूनच घेतला. तुला वाटलं होतं बाबाने दिला, हो ना? बाबा तर म्हणतो, "फोनमधल्या म्हातारीची एवढी काळजी, घरातल्या म्हातारीला पाणी दे आधी!"

प्रगती


सायवन, ५ जानेवारी २०२४

प्रिय प्रगती,

तुझं पत्र मिळालं. टॅब तुझ्या बाबाने, हिरूनेच घेऊन दिला, असं मी स्टाफरूममध्ये दोघींना सांगितलंही होतं. काल जाऊन दुरुस्त केलं. त्यांना फारसं वाटलं नाही, मला वाटत होतं.

रविवारी टेकडीवर गेले. तू चिठ्ठीवर लिहून दिलेलं पान उघडायला इतका वेळ लागला, की मध्ये एक गुराखी येऊन माझ्या बाजूला बसला आणि कंटाळून निघून गेला. मग ओरा आली. आधी पाय दिसले, मग कंबर, मग चेहरा. मला चित्रातलं कळत नाही. पण मी आपोआप मान ताठ केली, लहानपणी डोक्यावर भाताचा भारा असताना करायचे तशी. मानेला ते अजून आठवतं, हे मला माहीत नव्हतं.

चित्र बघताना अभिमान वाटला, आणि लगेच मनात आलं, हा अभिमान मला कशाचा? मी तर हिला चाळीस मुलींबरोबर एका सतरंजीवर बसवून त्रिकोण काढायला लावणार होते. प्रदर्शनाच्या बाईंना कळवलं, की आमच्याकडची मुलगी दुसरं काम करते. त्या म्हणाल्या, "दुसरं म्हणजे?" मला सांगता आलं नाही. पुढच्या वेळी सांगता यावं म्हणून नीट कळव, तू नेमकं काय करतेस.

आत्या


वेवजी, ११ फेब्रुवारी २०२४

आत्या,

मोठी बातमी. आजीला सांगितली, ती म्हणाली, "बरं, भात घे." म्हणून तुला सांगते.

'कंदीलवाले'चे फॅन मिळून एक पुस्तक छापताहेत. खरं, कागदाचं. शेकडो जणांनी नावं पाठवली होती, त्यातून थोडे निवडले. मी आहे! माझी दोन पानं, आणि अजून पक्कं नाही, पण मुखपृष्ठही मला देण्याचा विचार आहे. मालिका बनवणारे ते पुस्तक बघणार, प्रकाशक बघणार. पुस्तकाचं सगळं बघणारी हॅना म्हणून एक बाई आहे, कॅनडात असते, फार शिस्तीची. तिने लिहिलं, "मुखपृष्ठावर ओरा असावी आणि ओरा तुझी आहे." मी ते वाक्य बाबाला वाचून दाखवलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "पुन्हा वाच."

तू विचारलंस मी काय करते. मी चित्रकार आहे, लोकांच्या गोष्टींची चित्रं काढते. हे लिहिताना पहिल्यांदा हसू नाही आलं.

एक वाईट पण झालं. माझी ग्रुपमधली सगळ्यात जवळची मैत्रीण मारिसेल, फिलिपाइन्सची, तिचीही दोन पानं आहेत. ती स्कूटरवरून पडली, उजवं मनगट मोडलं. तारीख जवळ आली आहे आणि हॅना कुणासाठी थांबत नाही. माझी सुरुवातीची चित्रं कुणी बघत नव्हतं, तेव्हा मारिसेल रोज बघायची. तर मी एक ठरवलं आहे. काय ते नंतर सांगेन. तू रागावू नकोस.

प्रगती


सायवन, १६ फेब्रुवारी २०२४

प्रिय प्रगती,

मुखपृष्ठाची बातमी वाचून मी वर्गात मुलींना उगाच अर्धा तास खेळायला सोडलं. त्यांना कारण कळलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

आता "नंतर सांगेन" याबद्दल. तुझं वय एकवीस. नेटवर माणसं भेटतात, मन जुळतं, यात मला गैर वाटत नाही. मी स्वतः लग्न केलं नाही म्हणून मला या गोष्टी कळत नाहीत, असं समजू नकोस. एवढंच म्हणणं, की मुलगा कोण, कुठला, त्याच्या घरी कोण कोण आहे, हे हिरूला कळण्याआधी मला कळू दे. मी त्याला समजावू शकेन. फार लांबचा आहे का? तुझ्या पत्रात फिलिपाइन्सचं नाव आहे म्हणून विचारते. मारिसेलला भाऊ आहे का?

हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. लिहिलं नसतं तर जास्त चुकले असते, असं वाटतं.

आत्या


वेवजी, ३ मार्च २०२४

आत्या,

मुलगा असता तर बरं झालं असतं.

मी मारिसेलची दोन्ही पानं काढली. तिच्या हातासारखी, तिचे रंग घेऊन, तिच्या नावाने. तिने कच्चं रेखाटन पाठवलं होतं, बाकी सगळं मी केलं आणि तिने ती हॅनाला पाठवली. आम्हा दोघींना त्यात काही चोरटं वाटलंच नाही. गेल्या पावसात बाबाचा पाय मुरगळला, तेव्हा शेजारच्या पाड्यावरची माणसं आपल्या आवणीला आली होती ना? रोपं त्यांनी लावली, भात आपलाच राहिला. कुणी बांधावर स्वतःचं नाव लावलं का? आजीच्या चौकाखाली तरी कुणाची सही असते? पाच जणी काढतात, चौक नवरीच्या घरचा.

पण मी पकडली गेले. कशाने, माहीत आहे? मारिसेलच्या पानावर मागे गर्दी होती. गर्दीत एक बाई मी पाटी घेऊन उभी केली आणि माझ्या हाताने सवयीने, ओरासारखीच, पाटीखाली चुंबळ ठेवली, मान दाबली, पाय वळवला. हॅनाने तेवढा कोपरा मोठा करून ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर टाकला आणि विचारलं, "हे कुणी काढलं?"

मी लगेच लिहिलं, मी.

मग जे झालं ते सांगवत नाही. त्यांच्यात दुसऱ्याच्या नावाने काम देणं म्हणजे फसवणूक. नियम लिहिलेला होता, मी वाचलाही होता. मला वाटलं तो चोरांसाठी आहे. कुणीतरी लिहिलं, मग हिची आधीची चित्रं तरी हिचीच कशावरून? आत्या, ते वाचून मी टॅब उलटा ठेवला आणि बाबाबरोबर दिवसभर टायर काढले. मुखपृष्ठ गेलं, ते दुसऱ्या मुलीला दिलं. आम्हा दोघींना पुस्तकात ठेवायचं की काढायचं, ते हॅना महिनाअखेर ठरवणार. काढलं तर आमचं नाव खराब होणार, मग कोण काम देणार? तिथे माझ्याकडे नावाशिवाय दुसरं काय आहे?

मारिसेल म्हणते, सगळा दोष माझ्यावर टाक. तो मी टाकणार नाही.

मला इंग्रजीत पत्र लिहून दे. रोजचं मी गुगलला विचारून लिहिते, पण हे गुगलने लिहायचं पत्र नाही.

प्रगती


सायवन, ८ मार्च २०२४

प्रिय प्रगती,

आधी, मुलाबद्दल जे लिहिलं ते फाडून टाक.

सोबत इंग्रजी पत्र आहे. तिसरा खर्डा. पहिल्यात मी इतकी गयावया केली, की वाचताना मलाच तुझी कीव आली, आणि तुझी कीव करायचं काही कारण नाही. दुसऱ्यात मी त्या बाईशी भांडले. तिसऱ्यात आपली पद्धत समजावली आहे. आवणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतात जाऊन हात देतात, याला पुस्तकात सावड म्हणतात. ज्याच्या शेतात आज पाच माणसं आली, तो उद्या त्या पाचांच्या शेतात जातो. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही. आमची मुलगी त्या रीतीने वागली, तिच्या मनात फसवणूक नव्हती, असं लिहिलं आहे. यातलं एक अक्षर खोटं नाही.

तरी मला खात्री नाही. रीत सांगणं वेगळं आणि रीतीच्या आड उभं राहणं वेगळं. आपण काय करतो आहोत? मी खर्डा वाचते तेव्हा एकदा पहिलं वाटतं, एकदा दुसरं. पन्नाशीकडे निघालेल्या बाईला हे ठरवता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

पाठवायच्या आधी आजीला सगळं सांग. ती शाळेत गेली नाही, पण सावड तिने आयुष्यभर केली आहे, मी फक्त त्यावर वाचलं आहे.

आत्या


वेवजी, २४ मार्च २०२४, होळी

आत्या,

तुझं पत्र पाठवलं नाही. रागावू नकोस, ते फार सुंदर होतं. म्हणूनच पाठवलं नाही.

आजी अंगणात होळीसाठी फाटी रचत होती. मी सगळं सांगितलं, मारिसेलचा हात, पानं, चुंबळ, हॅना. तिने मध्ये एकदाच विचारलं, "ती दुसरी पोर आजारी, हे तिकडच्यांना ठाऊक होतं?"

मी म्हटलं, नाही.

"तू तिच्या रानात गेलीस, हे?"

नाही.

"मग ही कसली सावड, बाय? सावडीला हाक मारतात. भरल्या पाड्यात मारतात. कोण आलं, कोण नाही आलं, सगळे बघतात. दुपारी एकत्र जेवायला बसतात. कुणाला न सांगता दुसऱ्याच्या रानात शिरतं ते डुक्कर."

बाबा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी आधी रडले, मग मलाही हसू आलं. तेव्हापासून मला घरात डुक्करच म्हणतात.

मग मी माझ्या इंग्रजीत लिहिलं. मराठीत सांगते तुला: 'आमच्या गावात शेजारी पडला की त्याचं शेत आपण लावतो. ते मी केलं आणि त्याची माफी मी मागणार नाही. पण आमच्या गावात ते मोठ्याने हाक मारून करतात. मी गुपचूप केलं. ती चूक माझी, त्याची माफी मागते. पानं जातील या भीतीने मारिसेलला हाक मारता येत नव्हती, मला येत होती. आता मारते. या दोन पानांवर मी काम केलं आहे. कुणाला काय विचारायचं ते विचारा.' सोबत दोन्ही पानांची पहिल्या रेघेपासूनची सगळी रेखाटनं टाकली, तिची कुठली, माझी कुठली, खुणा करून. सगळ्यांसमोर.

हॅनाचं उत्तर काल आलं. पानं राहणार, दोघींच्या नावाने. माझी स्वतःची दोन पानंही राहणार. मुखपृष्ठ परत मिळणार नाही. ती म्हणते, नियम मोडला त्याची काहीतरी किंमत हवी. मला ते पटलं. लागलं, पण पटलं. आणि तिने एक नवा नियम घातला, कुणी अडलं तर सगळ्यांना कळवायचं, ज्याला जमेल त्याने हात द्यायचा, आणि ज्याने हात दिला त्याचं नाव छापायचं. पोलंडच्या एका मुलाने लगेच लिहिलं, माझी परीक्षा आहे, मला हाक मारायची आहे. दोघं धावले!

ज्याने माझ्या चित्रांवर शंका घेतली होती, त्याने माफी नाही मागितली. असू दे.

होळी पेटवायला बोलावताहेत.

डुक्कर


वेवजी, ७ जुलै २०२४

आत्या,

पुस्तक आलं! कुरिअरवाला वेवजीपर्यंत येत नाही, बाबाच्या दुकानात टाकून गेला. बाबाने हात घासून घासून धुतले आणि तरी कव्हरला काळं बोट लागलंच. ते मी पुसणार नाही. मुखपृष्ठ बराच वेळ बघितलं. चांगलं आहे गं ते. पाटी तरंगते, पण चांगलं आहे.

आणि ऐक. आमच्या ग्रुपमध्ये केरळची एक बाई होती, मला ती नुसती फॅन वाटायची. ती लहान मुलांची पुस्तकं छापते. मिठागरात काम करणाऱ्या बायकांवर तिचं एक पुस्तक आहे, त्याची सगळी चित्रं मी काढायची! तिने लिहिलं, "मीठ वाहणाऱ्या बायका काढणारं मला कुणी मिळत नव्हतं. तुझ्या बायकांच्या डोक्यावर वजन असतं. आणि चूक झाल्यावर तू कशी वागलीस, तेही मी पाहिलं होतं." करारावर सही करून दिली. पुस्तकावर लेखिकेच्या नावाखाली माझं नाव येणार, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

काम ऐन आवणीत आलं. दिवसा शेत, मग चित्रं, रंग भरणं मागे पडायला लागलं. मग मी हाक मारली. ग्रुपमध्ये, सगळ्यांसमोर. पाच मिनिटांत मारिसेलचं उत्तर, "हात बरा झाला आहे. कुठलं शेत?" आता मिठाचे ढीग आणि आभाळ ती रंगवते, बायका मी. केरळच्या बाईंना आधीच कळवलं आहे, तिचं नावही छापणार.

रविवारी ये. आपलं खालचं भाताचं खाचर लावायचं राहिलं आहे, आणि मला तुला पान दाखवायचं आहे.

प्रगती


सायवन, १९ जुलै २०२४

प्रिय प्रगती,

कंबर अजून सरळ होत नाही. हिरू मला म्हणाला, "मास्तरीणबाई, रोपं लावताय की वही तपासताय?" त्याला सांग, माझी ओळ त्याच्या ओळीपेक्षा सरळ होती.

तू दिलेली पुस्तकाची प्रत मी इथे आणली. आठवीच्या मुलींनी घेरलं. मारिसेलचं पान उघडलं, त्यातली गर्दीतली पाटीवाली बाई एकीला लगेच सापडली. तिने खालची दोन नावं अक्षर लावून वाचली, मग तुझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, "बाई, हे आपल्यातलं नाव?" मी म्हटलं, "माझी भाची. चित्रकार आहे." एवढं बोलताना माझा आवाज गर्वाचा झाला का, हे मी नंतर मनात तपासलं. झाला होता. तसाच राहू दिला.

प्रदर्शनाच्या बाई परवा बाजारात पुन्हा भेटल्या. "तुमची ती मुलगी दुसरं काम करते म्हणाला होतात. कसलं?" या वेळी मी त्यांना रस्त्याच्या कडेला उभं करून सगळं सांगितलं. त्यांची बस गेली.

एक निरोप राहिला. रविवारी मी निघताना आईने मला खाचराच्या बांधावर थांबवलं. म्हणाली, "ती हात मोडलेली पोर आपल्या पोरीच्या कामाला आली ना? तिच्या घरी भात असतो का?" मी म्हटलं, असतो, प्रगती सांगत होती, तिच्या आईचं शेत आहे. "मग विचार तिला, त्यांची आवणी कधी. आपली उरकली की जाऊ."

मी म्हटलं, आई, मध्ये समुद्र आहे.

तिने पायाचा चिखल धुतला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "समुद्र तर डहाणूलाही आहे. तू विचार."

तर विचार.

तुझी आत्या